गाड्याखालची टोपली

५ जानेवारी
आजपासून बाजार आणि स्वयंपाक माझ्याकडे. रिटायर झाल्यापासून या घरात मला काही कामच उरलेलं नाही. झाडताना तेवढे पाय वर घ्यायला सांगतात. बायको म्हणाली, रविवारी लेक-जावई जेवायला येतायत, त्यांना करून घाला, मग स्वयंपाकघर तुमचं. इतक्या पटकन कशी कबूल झाली? कुठेतरी पाणी मुरतंय.
धोरण: ताजं, हंगामातलं, रोजच्या रोज.

६ जानेवारी, सकाळी
भाजीवालीने हसून स्वागत केलं. हसण्याचं कारण काय? मी गाजरं मोडून तपासायला लागलो, तर तिने ढीगच पलीकडे सरकवला. काही लपवायचं असल्याशिवाय कोणी असं करत नाही.
पालकाचं सूप केलं. बायको म्हणाली, कचकच लागतेय. ताज्या पालकाला माती असणारच. उलट तो पुरावाच आहे.

७ जानेवारी
मोठा शोध! भाजीवालीच्या गाड्याखाली गोणपाटाने झाकलेली टोपली असते. मफलर गुंडाळलेला एक माणूस आला आणि तिने ती सगळी त्याच्या पोत्यात ओतली. वजन नाही, घासाघीस नाही. म्हणजे खरा माल खाली आणि आमच्यासारख्यांना वरचा देखावा. खरेदी विभागात उभा जन्म काढलाय मी. मला कोण बनवणार?
संध्याकाळी मटार करपले. लक्ष टोपलीत होतं.

९ जानेवारी
भाजीवालीला आडून विचारून पाहिलं. म्हणाली, काका, ते तुमच्या कामाचं नाही. ऑफिसात हेच वाक्य मी नको त्या माणसांना ऐकवायचो, त्यामुळे अर्थ बरोबर कळला.
बायको म्हणते, साधा कोबी आणा, मीठ बेताचं घाला, पोरं आवडीने खातील. हिलाही फितवलेलं दिसतंय.

११ जानेवारी, सकाळी
मफलरवाल्याच्या आधी पोचलो. टोपलीकडे बोट दाखवलं, हीच पाहिजे. भाजीवाली हसतच सुटली. म्हणाली, घेऊन जा, पैसे नकोत. फुकट देऊन मिंधं करायचा डाव! नोट गाड्यावर ठेवूनच निघालो.
आत गाजराचा पाला, कोबीची बाहेरची जाड पानं, दबलेले टोमॅटो. पॉलिश नाही, दिखाऊपणा नाही. जाणकारांचा माल. सगळ्याची मिळून एक भाजी.

११ जानेवारी, दुपारी
जावईबापू एकच घास बराच वेळ चघळत होते. चव समजून घेत असावेत. लेकीने विचारलं, बाबा, हे नक्की काय आहे? मी टोपलीची हकीकत सांगितली, थोडी रंगवून. ती म्हणाली, अहो बाबा, ते मफलरवाले म्हणजे माझ्या मैत्रिणीचे वडील. शेळ्या पाळतात. भाजीवाली टाकाऊ पाला त्यांच्यासाठी बाजूला ठेवते.
जावईबापूंनी चघळणं थांबवलं.
बायको उठली आणि फ्रिजमधून झाकलेलं पातेलं काढलं. कोबीची भाजी. ही कधी केली? म्हणजे माझ्यावर पहिल्यापासून भरवसाच नव्हता. फार वाईट वाटलं. दोनदा मागून घेतली.

१२ जानेवारी
माझी भाजी डबाभर उरली होती. बायको म्हणाली, ज्यांची आहे त्यांना देऊन या. गेलो. मफलरवाल्याने चहा विचारला. त्याच्यापर्यंत बातमी पोचलेली दिसत होती. डबा शेळीपुढे ठेवला. तिने हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारचं पोतं खायला लागली.
मीठ मागाहून कोणी वाढवलं असेल?
वाटेत डबा कचराकुंडीत रिकामा केला. घरी बायकोने विचारलं, खाल्लं का शेळ्यांनी? म्हटलं, चाटूनपुसून. ती बरं म्हणाली, पिशवी उचलली आणि बाजाराला निघाली. मला चला असंही म्हणाली नाही.