पदराची फाईल

प्रिय चेतन,

परवा फोनवर तू हसलास आणि म्हणालास, एका कार्डावरून एवढं काय. मी फोन ठेवला. बोलायला लागले की माझे मुद्दे सुटतात आणि मग घरभर फिरत मी ते स्वतःशीच पुरे करत बसते, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहिते आहे. रविवारी तुमच्याकडची माणसं उधन्याला आमच्या घरी सुपारी फोडायला येणार आहेत. त्याच्या आत हे पत्र तुझ्या हाती पडायला हवं.

ती दोन्ही ग्राफिक्स कार्डं तूच मला आणून दिली होतीस. तू साड्यांचं डिझाइन करतेस, तर आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाच्या व्हिडिओसाठी दोन्हींची तुलना तूच करून दाखव, डिझाइनवाल्यांना भरवसा वाटेल, असं म्हणालास. मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी मी जेवणात मीठ दोनदा घातलं. एक जुन्या पिढीचं, बारा जीबी मेमरीचं, वीज जास्त खाणारं. दुसरं नवं, आठ जीबीचं, थंड डोक्याचं आणि चपळ. मी माझ्या स्वभावाप्रमाणे सगळं केलं. एक कार्ड तपासून झाल्यावर यंत्र थंड होऊ दिलं, नाहीतर दुसऱ्याच्या वाट्याला तापलेली पेटी आली असती. मग क्रम उलटा करून सगळं पुन्हा केलं. तू खुर्चीत बसून हसत होतास. म्हणालास, अगं, कार्डं आहेत, दहावीची मुलं नाहीत. मला तेव्हा ते गोड वाटलं होतं.

ड्रेस मटेरियलच्या फाईलवर नवं कार्ड सरळ पुढे गेलं. जाणारच. तिथे वीतभर नक्षी काढायची आणि तीच पुन्हा पुन्हा जोडत जायची. मेमरीवर ओझं पडत नाही. पण सुरतेत आमच्यासारख्यांचं पोट साडीवर आहे. साडीत पदर येतो, आणि पदराची नक्षी कुठेच परत येत नाही. काठ, अंग, पदर अशी पूर्ण लांबीची साडी मोठ्या फाईलमध्ये घेऊन पडद्यावरच्या मॉडेलला नेसवायला घेतली की आठ जीबी भरून जातात आणि नवं कार्ड दम लागल्यासारखं थांबत थांबत चालतं. जुनं तिथे सावकाश, पण न अडखळता काम पुरं करतं. मी तुझ्या कॅमेऱ्यासमोर हे दोन्ही सांगितलं होतं. नवं कार्ड वाईट नाही, साडीवाल्यांनी मात्र ते घेऊ नये, इतकं स्पष्ट.

मी शाळेत उशिरा गेले. आम्ही धुळ्याहून सुरतेला आलो तेव्हा माझे दाखले तिकडेच अडकले होते, म्हणून पहिली दोन वर्षं बाबांनीच घरी शिकवलं. ते मिलमध्ये कापड तपासायचे. आकडे मी कापडाच्या ताक्याच्या मीटरवर शिकले, अक्षरं गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्यांवर. ते सांगायचे, पोरी, ताका दोन्ही टोकांनी उघडायचा. विकणारा वरची घडीच नीट ठेवतो. तुला हे सांगितलं तेव्हा तू म्हणालास, तुझे बाबा लय भारी आहेत. मग वरची घडी तूच कशी रे नीट ठेवलीस?

गेल्या आठवड्यात मी कामरेजला सुवर्णाकडे गेले. आमच्या गल्लीतली, माझ्याहून थोडी मोठी. लग्नानंतर घरूनच रिंग रोडच्या व्यापाऱ्यांसाठी साड्या पडद्यावर नेसवून द्यायची. तिचं यंत्र पदरावर येऊन अडकलं होतं. लग्नसराईचं काम वेळेत गेलं नाही, व्यापाऱ्याने ते दुसऱ्याला दिलं. नवरा भूपेंद्र येताजाता टोमणे मारत होता, नवीन मशीन ना, आरती ओवाळ तिला. मी विचारलं, हे कार्ड कोणी सुचवलं? ती म्हणाली, काय वं, तूच ना? आणि तिने तो व्हिडिओ लावला.

त्यात मी आहे. माझा हिरवा ड्रेस, माझा आवाज. नवं कार्ड पुढे आहे, असं मी म्हणते आणि तिथेच कापलं आहे. खाली तुझ्या दुकानाचा नंबर नाचतो. स्वतःच्या आवाजाची अशी शिसारी मला कधी आली नव्हती. सुवर्णा मात्र म्हणत होती, तू सांगितलंस म्हणजे पारखूनच सांगितलं असशील, माझीच फाईल चुकत असेल. ती स्वतःची चूक शोधत होती, चेतन.

परवा तुला विचारलं तर तुझं उत्तर काय, एटलुं बधुं कोण जुए छे, एवढं सगळं बघतं कोण, व्हिडिओ लांबतो. आठ जीबीवाल्या कार्डांचा दुकानात ढीग पडलाय, सेठ रोज डोकं खातो. वर हे, की मी खोटं कुठे बोललो, वाक्य तुझंच आहे. आणि तिला फाईल लहान करायला सांग. खोटं बोलला असतास तर भांडता आलं असतं. तू माझंच खरं घेतलंस, हवं तिथे कापलंस आणि विकलंस. त्या गोष्टीची मला किळस येते. तुझे आधीचे सगळे गोड शब्दसुद्धा आता मी उलटसुलट करून बघते, की पुढे काय असेल जे मला ऐकू दिलं नाही. असं बघत आयुष्य काढणं मला जमणार नाही.

सुवर्णाला मी माझ्या यंत्रातलं बारा जीबीचं कार्ड काढून बसवून दिलं आहे आणि तुझ्या व्हिडिओखाली माझ्या नावाने उरलेली अर्धी गोष्ट लिहिली आहे. तू ते पुसशील. मी पुन्हा लिहीन.

आता हे पत्र का, ते सांगते. लग्न करायचं नाही, असं मी घरी सांगितलं. आई रडली, लोक काय म्हनतीन म्हणाली, आणि मग डोळे पुसून तिनेच वाट काढली. गुरुजींनी पत्रिका पुन्हा पाहिली, दोष निघाला, असं शनिवारी तुमच्याकडे कळवायचं. कोणाचंच नाव खराब होत नाही, सगळे असंच करतात. मी आईला अडवू शकले नाही. पण पत्रिकेत दोष नाही. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले आहेत, आणि नको मी म्हटलं आहे, ग्रहांनी नाही. तुझी आई भाबडी आहे, निरोप मिळताच म्हणेल की दोषाची शांत करून घेऊ. तिला त्र्यंबकेश्वरला धावू देऊ नकोस. तेवढं तिला तू खरं सांग, पूर्ण.

तुझी म्हणवून घ्यायला फार आवडलं असतं अशी,
धनश्री