पेटीतला कागद

रबौल युद्धकैदी छावणी, मार्च १९४६

सौ. किनुए हीस,

तुझं कार्ड काल पोचलं. आमचं जहाज बुडाल्यावर आरमारानं माझ्या अस्थी म्हणून पेटी पाठवली, आणि ती उघडून तू आईला म्हणालीस, "आत नुसता कागद आहे. कागदासाठी मी विधवा होणार नाही." हे मी चारदा वाचलं.

घरचे माझ्या धाकट्या भावाशी, यासुओशी, तुझं लग्न लावणार होते म्हणे. त्याच्यावर रागावू नकोस, त्याला तरी कुणी विचारलं असेल?

मी बरा आहे. लढाई संपल्यापासून आम्ही रताळी पिकवतो. डाव्या हाताची दोन बोटं गेली, जाळं विणायला वेळ लागेल. आईला एवढ्यात सांगू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत?

पुढच्या महिन्यात निघतोय. गर्दीत बंदरावर येऊ नकोस, असं लिहिणार होतो. पण ये.

तुझाच,
तोकुजी