मेलकावेरीचा मंत्र

कुंभकोणम्, मेलकावेरी
शके १७८९, प्रभव संवत्सर, भाद्रपद वद्य सप्तमी

प्रिय भवानीअक्का,

सेतुरामाचा नमस्कार. तुझ्या नावामागे 'गंगाभागीरथी' लिहिलं नाही म्हणून तुझे सासरे रागावतील. रागावू देत. विधवेची ती उपाधी माझ्या लेखणीतून उतरणार नाही.

इकडे सर्व क्षेम. आई ठणठणीत आहे आणि रोज मला कामधंदा शोध म्हणते. चंद्रमौळीला हरवलंस त्याला तीन वर्षं झाली, त्या कौतुकावर आणखी किती दिवस जेवणार, असं तिचं म्हणणं. खरंच आहे. कलेक्टरसाहेबानं त्या अख्ख्या लढाईची नोंद 'वादळ' अशी केली, आणि वादळ थोपवणाऱ्याला सरकार काही नोकरी देत नाही.

एक गंमत सांगतो. नवरात्रात कोलूच्या पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्यांत यंदा मी आहे! मातीचा सेतुराम तुझ्या भावापेक्षा देखणा निघालाय. भरदार छाती, झुपकेदार मिशा, आणि पायाखाली चंद्रमौळी. आपलं मराठी राज्य खालसा झालं म्हणून कावेरी मंत्रानं बांधून इंग्रजाला हाकलायला निघालेला, आणि आपल्याच माणसांच्या विहिरी चोळपुरम्‌पर्यंत आटवणारा चंद्रमौळी. बाहुलीखाली तमिळ अक्षरांत माझा मंत्रही कोरलाय: 'चपून'.

लढाईच्या शेवटी घाटावर जमलेल्या लोकांना धुक्यातून एवढा एकच शब्द ऐकू आला, आणि पाठोपाठ चंद्रमौळी कोसळला. झालं! आता इथली पोरं अंधारात जाताना 'चपून चपून' म्हणतात. शेजारची अलमेलुपाट्टी तापलेल्या नातवाला विभूती लावून तेच पुटपुटते, आणि ताप उतरतोही. आपल्या मराठी घरांना तो शब्द 'जपून' आहे हे कळतं. ती म्हणतात, सेतुरामानं मारण्याआधी शत्रूला सावध केलं, केवढं मोठं मन!

अक्का, तो शब्द माझा नव्हता.

जप पुरा होईपर्यंत दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही, काढला तर आपलाच मंत्र आपल्यावर उलटतो, हे तुला मी काय सांगू? तू मांत्रिकाच्या घरात नांदलीस. आम्ही दोघेही जपाच्या शेवटाला आलो होतो. शेवाळावरून माझा पाय सुटला, मागे भोवरा होता. आणि चंद्रमौळी ओरडला, ''जपून रे!'' घरात पोराला ओरडतात तसा. सवयीनं गेलं असेल तोंडून. आपण काय करून बसलो ते त्याला लगेच कळलं, मी त्याचा चेहरा पाहिला. मग त्याचा मंत्र त्याच्यावर फिरला. मला शुद्ध आली तोवर गोष्ट गावभर झाली होती.

रामलिंगभावजींना ज्यानं मारलं, त्यानंच मला वाचवलं. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं पुसलं जात नाही, आणि पुसून टाक असं मी तुला कधीच म्हणणार नाही. भावजींची मला रोज आठवण येते.

परवा भर बाजारात मी हे सांगून टाकलं. बाहुलीवाल्यानं कपाळावर हात मारला, सगळ्या बाहुल्या भाजून झाल्या होत्या. अलमेलुपाट्टी मात्र म्हणाली, मंत्र कुणाचा ह्याच्याशी तापाला काय करायचंय? म्हणजे शब्द चालतच राहील, पण यापुढे ज्याचा आहे त्याच्या नावानं.

पण त्याआधीच हे माझ्या तोंडावर सांगितलं चंद्रमौळीच्या मुलीनं, जयलक्ष्मीनं. बापाला बाहुलीच्या पायाखाली पाहून ती तडक आपल्या दारात आली.

''तो शब्द तुमचा नोहे,'' ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. ''आमच्या अप्पांचा. मीं विहिरीपाशीं गेलें कीं अस्संच ओरडत.''

''हाव,'' मी म्हटलं, ''त्यांचाच.''

ती रडली नाही. आईनं तिला आत घेतलं, ताक दिलं. तेव्हापासून ती येते.

पितृपक्षात मंगल गोष्ट लिहू नये म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसलो. खरं म्हणजे तुला लिहायला धीर होत नव्हता. तुळशीचं लग्न झालं की मी जयलक्ष्मीशी लग्न करतोय. आईचा होकार आहे.

आणि करवली म्हणून हातात दिवा घेऊन माझ्यामागे तू उभी राहायचीस. भटजी म्हणाले, विधवेला कसं चालेल? मी म्हटलं, जिच्या नवऱ्यानं तुमच्या विहिरींसाठी प्राण दिले, तिचा दिवा तुम्हाला अमंगल? भटजी गप्प झाले. उरलेल्यांनाही करीन.

तुला मात्र गप्प करणार नाही. तू आली नाहीस तरी लग्न होईल. पण दिव्यापाशी दुसरी कुणी उभी राहणार नाही. तुझी जागा मोकळी ठेवून मी अंतरपाटासमोर उभा राहीन. सगळं गाव पाहील. पाहू दे.

जयलक्ष्मी आईपाशी बसली आहे. काय कळवू विचारलं तर म्हणते, ''त्यांनीं शिव्या दिल्या तरी घेईन. पण येऊन द्याव्यात.'' अशी आहे ती. तुला आवडेल, आणि आवडली म्हणून तुझा तुलाच राग येईल, हेही मला ठाऊक आहे.

बैलगाडी पाठवतो. खाली नावं मुद्दाम एका ओळीत लिहितोय. मनात ठेवशील तर दोन्ही ठेव.

तुझे,
सेतुराम जयलक्ष्मी