उसव, मग नेतो

अहो,

तुम्हांला पत्र लिहायची सवय कधीच मोडली. लग्नानंतर तुम्ही बहारीनला आणि मी गुहागरला होते, तेव्हा लिहायची तेवढीच. पण उद्याच्या विमानाने मी बहारीनहून गावी निघालेय, तुमच्या वर्षश्राद्धाला. शाळेतून रजा मिळाली. पहिल्यांदाच एकटी जातेय, आणि ही बातमी फुटल्यापासून दारात गाठोडी घेऊन माणसं उभी आहेत! कुणाची आईसाठी साडी, कुणाचा बहिणीसाठी सेंट. आणि सगळे हळूच विचारतात, "वहिनी, तुम्ही काही उघडून बघणार नाही ना?"

म्हणून लिहायला बसले. थोडं भांडायचंही आहे.

काय तो तुमचा नियम! गावी जाणाऱ्याने इतरांचं सामान न्यायचं ही इथली रीत, आणि तुम्ही कधी कुणाला नाही म्हटलं नाहीत. पण शिवलेलं गाठोडं आलं की कात्री पुढे. "उसव, मग नेतो." तेही बाहेरच्या खोलीत, असतील त्या सगळ्यांसमोर. सतरंजीवर एकेक वस्तू मांडायची, आणि मग तुम्ही स्वतः दाभणाने परत शिवून द्यायचात. कुणी रुसलं तर म्हणायचात, "मुंबईला कस्टमवाल्याने विचारलं यात काय आहे, तर काय सांगू? माहीत नाही?"

समोरच्या देशपांडे वहिनी आठवतात? नवरा बँकेत, म्हणून आपलं सामान तसंच जाईल अशी त्यांची समजूत. तुम्ही उघडायला लावलंत, तर जिन्यातून उतरताना मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय हेकट माणूस आहे!" आणि तुम्ही गेलात तेव्हा डोळ्यांना पदर लावून त्याच म्हणाल्या, "तत्त्वाचा माणूस गेला हो!" मला त्या दुःखातही हसू आलं. माणूस तोच, नियम तोच. अडलं तेव्हा हेकट, आता अडवायला राहिला नाही तर तत्त्वाचा! तुमच्या गॅरेजचा अरब मालक बरा. एखाद्या कामाला तुम्ही एकदा नाही म्हटलंत की हात झटकून "खलास!" म्हणायचा, विषय संपला, आणि कामाला लागायचा.

पण बाळूचं काय?

माझा सख्खा धाकटा भाऊ. तुम्हीच एजंट गाठून त्याचा व्हिसा काढलात, इथल्याच सित्रा बेटावरच्या कंपनीत त्याला कामाला लावलंत. तुम्ही गावी निघणार होतात, त्या शुक्रवारी तो गाठोडं काखेत मारून आला. मांजरपाटात शिवलेलं, वर आमच्या वडिलांचं, आबांचं नाव. देशपांडे मंडळी चहाला बसलेली. तुम्ही कात्री पुढे केलीत.

"भावोजी, माझं पण?"

"सगळ्यांचं उघडतो. तुझं तसंच नेलं तर यांना काय तोंड दाखवू?"

"मग राहू द्या."

चहाही न घेता गेला. पुन्हा या घराची पायरी चढला नाही. दर भाऊबीजेला मी ताट करून बसायची आणि तुम्ही पेपरात डोकं खुपसायचात. एकदा सित्राला जाऊन या म्हटलं, तर म्हणे, "माझं काय चुकलं?" अहो, काही चुकलं नव्हतं हो! तिथेच तर सगळं अडलं! चुकला असतात तर माफी मागून मोकळे झाला असतात. तुम्ही गेलात तेव्हा बाळू आला, पण लांब उभा राहिला आणि माझ्याशी न बोलता परत गेला.

आज दुपारी बेल वाजली. दारात बाळू! काखेत तेच गाठोडं. कापड पिवळं पडलेलं, वर आबांचं नाव.

"ताई, कात्री दे."

बाहेर गाठोडीवाले बसले होते. मी त्याला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. त्याने खाली बसून शिवण उसवली. आत काय असेल, सांगा! कंपनीने दिलेल्या खाकी कापडाचे दोन शर्ट, वापरलेले, कॉलर उलटून शिवलेले. एक टॉवेल. कंपनीत वाटलेल्या साबणाच्या वड्या.

"एवढंच होतं, ताई. नवीन होतो, पगार सगळा एजंटकडे जायचा. देशपांड्यांसमोर कसं उघडू?"

आबांना जाऊन तीन वर्षं झाली. मी रडले. तुमच्यावर चिडून रडले. आतली खोली तेव्हाही होती ना हो? तिला दार होतं ना? एवढं कसं सुचलं नाही तुम्हांला?

मग बाळूवरही ओरडले. "स्वतः गावी जाऊन आलास, तेव्हा का नाही नेलंस?"

"भावोजींनी नेलं तरच जाणार होतं ते."

घ्या! एका माळेचे मणी दोघे. आणि तुमच्यामध्ये मी.

आबांना ते शर्ट मिळायला हवे होते. हे मी तुम्हांला माफ केलेलं नाही, आत्ताच सांगून ठेवते. वर भेटाल तेव्हा आबांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

"आईला दे," बाळू म्हणाला, "गोधडीला लावेल." मग तुमच्याच दाभणाने त्याने ते परत शिवलं. टाके वाकडे गेलेत. तुम्ही परत उसवायला लावलं असतंत. मी नाही लावलं. चहा दिला, आणि आज तो प्यायला.

तर आता ऐका. तुमचा नियम मी मोडणार नाही. बाहेर बसलेलं प्रत्येक गाठोडं उघडणार, देशपांडे वहिनींचंसुद्धा. लोक मला हेकट म्हणोत, मी बरी आहे हेकट. पण एकेकाला आत बोलावणार, आणि दार लावणार. हा शब्द देते तुम्हांला.

आणि मुंबईला कस्टमवाल्याने त्या पिवळ्या गाठोड्यावर हात ठेवून विचारलं, "बाई, यात काय आहे?" तर मी ताठ मानेने सांगेन, "माझ्या वडिलांचे दोन शर्ट. माझ्या भावाने पाठवलेत. उघडून बघा हवं तर."

तुमची,
शालू