बाईचा हात लागलेला कोंबडा

मी, गोजराबाई, कै. संताजीराव इंगळे यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार यशवंतपूर, बेंगळूरू, धंदा साडीच्या पदराला कुच्चू म्हणजे रेशमी गोंडे बांधणे, माझ्या मागे काय कुणाचे व्हावे ते या कागदावर राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते. कुणाचा दबाव नाही. आणून पाहिला होता, ती हकीकत पुढे येईल. याआधी असे काही लिहिलेले नाही. कुणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

कलम १. यशवंतपूरचे राहते घर माझी पुतणी अक्षरा हिला द्यावे. ती माझे दीर आप्पाजी यांची मुलगी. मला मूलबाळ नाही. अक्षरा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी अख्खे शहर ओलांडून मला भेटायला येते. येताना माझ्यासाठी बिनसाखरेची बिस्किटे आणते, तेवढा एक दोष सोडला तर पोरगी सोन्यासारखी आहे.

कलम २. माझ्या सुया, रेशमाची रिळे आणि लाकडी स्टँड शिवलीलेला द्यावीत. चिकपेटेतल्या दुकानाच्या पायरीवर ती माझ्या शेजारी बसून गोंडे बांधते. अट एकच. यातले रेशीम कोंबडेवाल्यांना द्यायचे नाही. आप्पाजीभावजी मागायचे, "वैनी, दोन हात रेशीम द्या. पक्कं बघून द्या." कशाला, तर कोंबड्याच्या पायाला कत्ती बांधायला. कत्ती म्हणजे बोटभर लांब धारदार पाते. मी कधी दिले नाही. त्यावरून एका दसऱ्याला ते आमच्या घरी जेवायला आले नाहीत. मला वाढायचे काम कमी झाले.

कलम ३. जावई. हा कोंबडा आहे. दुसऱ्याच्या घरी हक्काने जेवतो आणि जरा उशीर झाला की मान फिरवून बसतो, म्हणून वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या सुप्रीताने त्याचे हे नाव ठेवले. तांबडा रंग, काळी शेपटी, डावा डोळा नाही, एक पंख लोंबतो.

आनेकलच्या बाजूला आमची आंब्याची बाग आहे. तिथे जांभळाखाली दर संक्रांतीला कोंबड्यांची झुंज लावत. कायद्याने बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण जागा आडबाजूची, म्हणून खपून जायचे. पायाला पाते बांधून दोन मुकी जनावरे एकमेकांवर सोडायची. एखादे कोसळले तर त्याच्या तोंडावर पाणी फुंकून पुन्हा उभे करायचे, मरेपर्यंत. पोरेबाळे पुढे बसून बघायची. अशाच एका संक्रांतीला भावजी हा कोंबडा टोपलीत घालून माझ्याकडे आले. हा जिंकला होता. जिंकलेल्याचे हे हाल, तर हरलेल्याचे काय विचारावे.

"वैनी, आता हा कामाचा नाही. मस्त सारू करा, झणझणीत रस्सा."

मी विळी घेऊन अंगणात बसले. टोपली उचलली. त्याला धड उभे राहता येत नव्हते. पलीकडे माझ्या कोंबड्या माती उकरत होत्या. त्याने जमिनीवरची एक कणी चोचीत घेतली. मला वाटले खाईल, उपाशीच असणार. त्याने ती खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली, आणि घशातून बारीक आवाज काढायला लागला, कुक् कुक् कुक्. कोंबड्या धावत आल्या. एकीने ती कणी खाल्ली आणि हा नुसता बघत राहिला.

रक्त गळते आहे, डोळा गेलेला आहे, आणि हा दुसऱ्याला जेवायला हाक मारतो. कळायला लागल्यापासून त्याला टोपलीखाली एकटा ठेवलेला. मारणे तेवढे शिकवलेले. मग हे त्याला कुणी शिकवले? माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आज लिहितानाही येतो आहे. जन्मभर मी देवळांत हात जोडले, पण आपोआप जुळले ते त्याच दिवशी. विळी आत ठेवली. गुरांच्या डॉक्टरांनी त्याला टाके घातले. भावजींना त्या दिवशी तोंडल्याच्या भाजीवर भागवावे लागले.

जावई कुणाच्या मालकीचा नाही, म्हणून तो कुणाला देता येत नाही. अंगणात जो असेल त्याने त्याला कण्या टाकाव्यात.

कलम ४. बाग. ही बाग यजमानांनी माझ्या नावावर घेतली. जाताना म्हणाले, "गोजरा, अर्धी आप्पाला दे." मी हो म्हटले. जाणाऱ्या माणसाला दिलेला शब्द मला मोडता येत नाही, म्हणून जांभळाकडची अर्धी बाग आप्पाजीभावजींना आणि उरलेली अर्धी अक्षराला. भावजींनी आपला भाग काही कारणाने घेतला नाही, तर तोही अक्षराचा.

हे कलम लिहिताना माझा जीव तुटतो आहे, ते का, हेही इथेच लिहिते. जावई आला त्यानंतर झुंज बंद पाडायची असे आम्ही दोघींनी ठरवले. अक्षराने पोलिसांना कळवले. पोलीस आले, माणसे पळाली, आणि पुढच्या संक्रांतीला नाक्यावर राखण बसवून पुन्हा खेळ सुरू. तेव्हा मला आमच्या पुरुषांची जुनी समजूत आठवली. बाईचा हात लागलेला कोंबडा त्या दिवशी आखाड्यात उतरवायचा नाही, त्याचे बळ जाते म्हणे. सून म्हणून आले तेव्हापासून मला टोपल्यांच्या जवळ फिरकू दिले नव्हते. म्हटले, सरी, ठीक आहे, बळ जाते ना, मग जाऊच दे.

पुढच्या झुंजीला आम्ही दोघी बसने गेलो. टोपल्यांची ही रांग लागलेली. मी एकेक टोपली उचलली आणि एकेका पाठीवर हात ठेवत गेले. मला कुणी अडवेना. अडवायचे तर बाईच्या अंगाला हात लावावा लागतो. तळहाताखाली प्रत्येकाचे काळीज शिवणयंत्रासारखे धडधडत होते. एवढासा जीव, किती ऊन ऊन, किती हलका. मला वाटले होते ते टोचतील. एकानेही टोचले नाही. एक तर हाताखाली डोळे मिटून बसला. मी तिथेच उभी राहून रडले, आणि ते लपवलेही नाही.

"वैनी, सत्यानाश केलात!" भावजी ओरडले. पण कोंबडे काखेत मारून सगळे घरी गेले, आणि त्या दिवशी जांभळाखाली एक थेंब सांडला नाही. तेव्हापासून दर संक्रांतीला आम्ही दोघी जातो.

आता भावजी म्हणतात, "तुमच्या माघारी माझ्या अर्ध्याला कुंपण घालतो. मग बघू कुणाचा हात आत येतो." म्हणून तर मृत्युपत्र लवकर करा असा त्यांचा तगादा होता. करते आहे. विनंती करणार नाही, तशी माझी जीभ नाही.

कलम ५. जो साक्षीदार म्हणून सही करील त्याला या कागदातून काही मिळणार नाही. त्याच्या नावे काही लिहिले असल्यास त्याने ते सोडले असे समजावे. आपल्या हिंदूंना कायद्याची तशी सक्ती नाही, पण मागाहून कुणी बोट दाखवायला नको, असे वकील विद्याधर म्हणाले, म्हणून ही अट.

कलम ६. सही होण्यापूर्वी हे जास्तीचे लिहीत आहे. आज सकाळी विद्याधर यांनी वरचा सगळा मजकूर अंगणात वाचून दाखवला. आपला भाग नीट लिहिला आहे ना ते बघायला भावजी आले होते. तिसरे कलम ऐकून ते हसले.

"कोंबडा जेवायला बोलावतो म्हणे. जन्म गेला माझा कोंबड्यांत."

मी कण्यांचे ताट त्यांच्याकडे सरकवले. त्यांनी चिमूटभर टाकल्या. कोंबड्या खुराड्यात होत्या, अंगणात जावई एकटा. तो मान वाकडी करून, उरलेल्या डोळ्याने बघत आला. एक कणी उचलली. इकडेतिकडे पाहिले, कोंबडी कुठे दिसेना. मग चार पावले चालून त्याने ती भावजींच्या पायाशी ठेवली, आणि त्यांच्याकडे बघून हाक मारायला लागला. कुक् कुक् कुक्. ज्यांनी त्याच्या पायाला पाते बांधले, त्यांनाच.

भावजी वाकले आणि त्यांनी ती कणी उचलून डाव्या मुठीत धरली.

"साक्षीला कोण आहे?" त्यांनी विचारले.

"वरच्या सुप्रीता आहेत. दुसरे यायचेत," विद्याधर म्हणाले.

"त्यांची वाट कशाला बघता? पेन द्या."

विद्याधर यांनी त्यांना पाचवे कलम पुन्हा वाचून दाखवले.

"सरी, सरी. कान शाबूत आहेत माझे."

मी म्हटले, "भावजी, तो तुमच्या दादाचा शब्द आहे."

"तुम्ही पाळलात की, वैनी. आता मी काय करायचं ते माझं."

ठिकाण: बेंगळूरू. तारीख: १९ जानेवारी २०२५.

सही: गोजराबाई संताजीराव इंगळे

वरील सही आमच्या समोर झाली.

साक्षीदार: सुप्रीता कुलकर्णी

साक्षीदार: आप्पाजी गणोजीराव इंगळे

खुलासा: दुसऱ्या साक्षीदाराची सही वाकडी आली आहे, पण ती त्यांचीच आहे. डावी मूठ उघडायला ते तयार नव्हते, त्यामुळे त्यांना कागद धरता आला नाही.