'जे' अक्षराच्या पाटल्या

पुणे, मंगळवार

ती. विजयमालावहिनींना पद्मजाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि दादाची साखर, दोन्ही आटोक्यात आहेत असं धरून चालते. (दादाला फोनवर विचारलं तर तो "मला काय धाड भरलीय" म्हणतो, म्हणजे लाडू चालू आहेत.) आपल्या नातीच्या, संस्कृतीच्या लग्नाला बारा दिवस राहिले, तिकडे कोल्हापुरात तुमची धावपळ असणार, तरी हे पत्र बसून वाचा. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही मध्येच "बरं बाई" म्हणता आणि माझा मुद्दा राहून जातो.

सुरुवात झाली जुन्या बाजारात. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या बाईनं भजनी मंडळात जावं, अशी आमच्या सोसायटीची अपेक्षा आहे. मी रविवारी भिंग घेऊन जुन्या बाजारात जाते आणि वापरलेल्या दागिन्यांवरचे शिक्के वाचते. मोहरीएवढे असतात, पण सगळं बोलतात. चांदीवर ९२५ म्हणजे हजारात नऊशे पंचवीस भाग चांदी, सोन्यावर ९१६ म्हणजे बावीस कॅरेट. पहिल्याच रविवारी ९२५चे पैंजण घेतले, ते आठवड्यात पिवळे पडले. परत नेले तर दुकानदार (सतरंजीला दुकान म्हणायचं असेल तर) म्हणाला, "मावशी, शिक्का बरोबर उमटलाय की. पैंजण चांदीचे आहेत असं मी कुठं बोललो?" इतकं सरळ उत्तर मला उभ्या नोकरीत एकाही साहेबाकडून मिळालं नाही.

तर, हाताला सवय लागली म्हणून गेल्या बुधवारी दुपारी मी आईच्या पाटल्या काढल्या. लग्नात त्या संस्कृतीच्या हातात घालायच्या, हे आपलं ठरलेलंच आहे. म्हटलं, त्याआधी शिक्का पाहावा. आतल्या बाजूला ओळीनं पाच खुणा: सरकारी त्रिकोण, ९१६, तपासणी केंद्राची खूण, इंग्रजी 'जे' आणि शेवटी सराफाची खूण. मी खूश झाले आणि चहा टाकला. चहा उकळून ओतू गेला तेव्हा कुठे लक्षात आलं, की आईच्या लग्नात गावच्या सोनारानं घडवलेल्या पाटल्यांवर इंग्रजी अक्षर येईलच कुठून?

दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर एका सराफाकडे गेले. काउंटरवर नम्रता नावाची चुणचुणीत मुलगी होती. म्हणाली, "आजी, हा ईयर कोड आहे. ए म्हणजे टू थाऊजंड. मधला आय गाळलाय, म्हणून जे म्हणजे टू थाऊजंड एट." मी म्हटलं, "बाळ, या पाटल्या माझ्या आईच्या हातातून दोन हजार पाच साली काढल्या. ती गेली त्या सकाळी." मुलीनं पाटल्या हळूच ट्रेमध्ये ठेवल्या आणि बोटं ओढणीला पुसली. मग मालक, केदारशेठ, स्वतः उठले. कसोटीवर घासलं, काट्यावर ठेवलं. "सोनं चोख आहे, बाई. वजन तुम्ही सांगताय तेवढंच. फक्त या पाटल्या तुमच्या आईंनी घातलेल्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा या जन्मालाच आल्या नव्हत्या."

वहिनी, तुम्हीच आठवा. सुजलेल्या मनगटाला साबण लावून पाटल्या तुम्ही काढल्यात आणि तेराव्याला माझ्या ओंजळीत ठेवल्यात. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट सांगायच्या, भूत नसतं. एक होली घोस्ट आहे, पण तो सभ्य आहे. मीही तेच मानते. तरी त्या दिवशी रिक्षात मला सारखी आई दिसत होती. शेवटच्या हिरव्या साडीत, मळवट भरलेली, अनवाणी, सराफाच्या काउंटरवर रिकामे हात ठेवून उभी. आणि गिऱ्हाइकं बाजूनं जातायत.

याहून वाईट पुढे आहे. डाव्या पाटलीला पोचा होता, हापशाच्या दांड्यावर आपटलेला. दर दसऱ्याला पाटल्या पुसताना माझा अंगठा त्यात बसतो. गेल्या दसऱ्यालाही बसला, शपथेवर सांगते. आता तिथे काही नाही. गुळगुळीत. अंगठा अजून जाऊन शोधतो. परवा भर दुपारी पाटल्यांच्या डब्यात किणकिण झाली (आमच्या गल्लीतून मेट्रो जात नाही), तेव्हापासून डब्यावर वरवंटा ठेवला आहे. हसू नका.

आता मी कुणाला काहीच म्हणत नाही. एवढंच आठवतं, की दोन हजार आठ साली माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तुम्ही पंधरा दिवस इथे होतात आणि कपाटाची किल्ली तुमच्या कमरेला होती. सोनं नेऊन तेवढंच सोनं ठेवणारा चोर असेल तर तो वेडा आहे, आणि भूत असेल तर भलतंच प्रामाणिक आहे. तुम्ही दोन्ही नाही आहात असं मी आजवर समजत होते.

दादाला नमस्कार, संस्कृतीला आशीर्वाद. लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवा.

आपली नणंद,
पद्मजा

ता. क. खरं काम हे, की आईच्या मूळ पाटल्या मिठाईच्या खोक्यात घालून गुपचूप आणा. दादापाशी चकार शब्द काढणार नाही. मला सोनं नको, मला तो पोचा हवा आहे. पोरीच्या हातात सराफाचा शिक्का नाही, आपल्या पणजीचा हात जायला हवा.

पुन्हा ता. क. (गुरुवार). पाकीट फोडून हे लिहिते आहे. पाचवी खूण कुणाची ते केदारशेठनी शोधून दिलं. शुक्रवार पेठेतलं छोटं दुकान आहे, आज तिथे गेले. त्यांनी दोन हजार आठची जुनी वही काढली. "जुन्या पाटल्या दोन, डावीस पोचा, आटवून तशाच नव्या घडवणे." खाली सही माझी. पल्लेदार 'पी'सकट माझीच. शेजारी लिहिलं आहे, "सोबत वहिनी."

मला यातलं काहीही आठवत नाही, वहिनी. त्या दुकानाची पायरीसुद्धा नाही. आणि वही मिटताना तो माणूस अगदी हळू म्हणाला, "बाई, मागच्या वर्षीही हेच विचारायला आला होतात. लिहून देऊ म्हटलं तर नको म्हणालात. या वेळी देऊ का?"

वरचा मजकूर फाडणार होते, पण तसाच पाठवते आहे. पाटल्या आणू नका. लग्नाची गडबड आहे, तरी दोन दिवस काढून तुम्ही या. आणि माझी अशी आणखी पत्रं तुमच्याकडे असतील तर तीही आणा. किती आहेत ते सांगू नका. दरवेळी मी तुम्हालाच चोर ठरवलं का, तेवढं मला वाचायचं आहे.