धाकटा गोळा

३ मार्च

धाकटा गोळा आज बोललाच नाही!

त्याच्या बारीक चोचीला मेण लावून ती कानात बसवली, काढली, पुन्हा बसवली. व्हायोलिनवाल्यांनी तोच स्वर ओढला. बाकीचे पोकळ पितळी गोळे आपापल्या वेळी कानात घुमले. हा मुका. दादा लेखणी घेऊन समोर, माझ्या तोंडाकडे एकटक बघत. मी म्हटलं, बोलला.

एका स्वराच्या पोटात कितीतरी बारीक स्वर दडलेले असतात आणि त्यांच्यामुळेच व्हायोलिन व्हायोलिनसारखं वाजतं, बासरी बासरीसारखी — हे दादाला दाखवून द्यायचंय. एकेक गोळा त्यातला एकेकच स्वर उचलतो. दादा लिहिणार, मी ऐकणार.

५ मार्च

आजही नाही. सर्दी असेल.

९ मार्च

सर्दी नाही.

शाळेत सिस्टर मला वेदीजवळ उभी करायच्या. कोरसमध्ये कोण बेसूर गातंय ते मी डोळे मिटून सांगायची. "या मुलीचा कान देवाने सवडीने घडवलाय!" किती मिरवले मी त्या वाक्यावर.

हे गेले, आणि दादाने मला इथे बोलावून घेतलं. दारातच म्हणाला, "ये चिमे, तुझा कान हवाय मला." कान! कशी आहेस, दमलीस का — काही नाही. लहानपणी आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. दोन टकटक सावकाश, एक घाईत — म्हणजे "जागी आहेस?" त्या भिंतीतून जास्त बोलायचो आम्ही. आता एका टेबलाशी जेवतो आणि चमच्यांचाच काय तो आवाज. काल मागून विचारलं, "दादा, आईची निळी किटली आठवते का रे?" पाठमोरा बसून गोळे पुसत राहिला.

१४ मार्च

व्हायोलिनवाल्यांनी आज मुद्दाम असा काही गज घासला की माझे दात शिवशिवले. दादा खिडकीपाशी. गजाकडे बघून म्हणाला, "छान. तसंच पुन्हा."

जाताना दारात मला म्हणतात, "ताई, राग मानू नका, पण तुमच्या दादांना संगीताचा गंध नाही हो! मांजराची शेपूट ओढली तरी छान म्हणतील."

हसले. किती दिवसांनी! मग घर पुन्हा तसंच.

१८ मार्च

पुढच्या आठवड्यात दादा हे सगळं विद्वानांच्या सभेत वाचणार. तिथे कोणी धाकटा गोळा कानाला लावून पाहिला तर? आयुष्यभराच्या कामावर पाणी पडेल — माझ्या एका "बोलला"मुळे.

सांगायलाच हवं. पण कान गेला म्हटल्यावर या घरात माझं काम काय?

१९ मार्च

सांगितलं. तो टेबलाशी, माझ्याकडे पाठ. "दादा, धाकटा गोळा मला ऐकू येत नाही. खोटं बोलले मी." पुन्हा सांगितलं, मोठ्याने. त्याने कागदावरची धूळ फुंकली आणि लिहीत राहिला.

एवढा राग? खोलीत येऊन पेटी उघडून बसले. कपडे भरावेत की काय, कळेना.

२० मार्च

सकाळी त्याच्या पाठीमागे माझ्या हातून सगळ्यांत मोठा गोळा निसटला. फरशीवर घणघणत गेला. मी किंचाळले. दादा — जराही नाही!

तशीच उभी राहिले. मग त्याच्या हाताजवळ टेबलावर ठोकलं. दोन सावकाश, एक घाईत.

झटकन वळला. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलंय हे ओळखलं. "एकही गोळा मला ऐकू येईना, तेव्हा बोलावलं तुला," म्हणाला.

समोर बसून, ओठ नीट हलवत, मी सगळं पुन्हा सांगितलं. धाकट्यापुढचं "बोलला" त्याने खोडलं. मग मी किटलीचं विचारलं.

"आठवते की! झाकण तू हरवलंस, चिमे. मार मी खाल्ला."